वाचकांचे प्रश्न : ही ओढ माझी, की लोकांनी लावलेली?

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे एकाच विषयाशी येऊन थांबतात, म्हणून त्यांना एकत्र उत्तर देत आहे. पत्रे थोडक्यात दिली आहेत आणि पत्रलेखकांच्या इच्छेनुसार नावे छापलेली नाहीत. पहिल्या पत्राला अधिक जागा दिली आहे, कारण त्यातला प्रश्न उरलेल्या दोन्ही पत्रांच्या मुळाशी आहे.

प्रश्न : माझे वय चोवीस. घरी आजोबांची गणपतीच्या मूर्ती घडवण्याची चित्रशाळा आहे. बी.कॉम. झाल्यापासून मी सरकारी भरतीच्या परीक्षा देतो आणि पावसाळ्यात चित्रशाळेत बसतो. चवथीच्या आदल्या दिवशी मूर्ती न्यायला येणारा प्रत्येक जण लहानपणापासून मला सांगत आला आहे, की 'आजोबांचा हात नातवात उतरलाय.' आजोबा स्वतः मात्र 'तू हेच कर' असे कधी म्हणालेले नाहीत. वर्षातले तीन-चार महिने चालणाऱ्या कामावर संसार उभा राहत नाही, म्हणून नोकरी बघ, असे आई म्हणते. गेल्या वर्षी मोठ्या मूर्तींच्या सोंडेला मुळाशीच भेग का पडते हे मला कळेना. जोड देताना माझी माती जास्त ओली असते, की मातीत कापूस कमी पडतो, की पावसाळी हवेत पोट आणि सोंड सारख्या वेगाने वाळत नाहीत, याचा विचार करत मी कितीदा रात्री जागा राहिलो. आता वाटते, हे काम मला खरेच आवडते, की सगळ्यांनी सतत म्हटल्यामुळे तसे वाटू लागले आहे? कोणी काहीच म्हटले नसते, तर मी याच्या वाटेला गेलो असतो का?
– एक वाचक, माशेल

उत्तर : शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करतो. कोणी काहीच म्हटले नसते तर काय झाले असते, हे कोणालाच सांगता येणार नाही, कारण काहीच न बोलणाऱ्या माणसांत कोणी वाढत नाही. खरी ओढ आत कुठेतरी आधीपासून असते आणि मग लोक येऊन तिला खतपाणी घालतात किंवा तिची नासाडी करतात, असे आपण धरून चालतो. मला हे पटत नाही. ज्यांच्या आयुष्याला एका कामाने आकार दिला, अशा माणसांची चरित्रे वाचली, तर सुरुवात जवळजवळ प्रत्येक ठिकाणी दुसऱ्या कोणाकडून झालेली दिसते. त्यांचे स्वतःचे जे काही असते, ते त्यानंतर सुरू होते.

आपल्याच गोमंतकातले उदाहरण घ्या. पाली आणि बौद्ध धर्माचे अभ्यासक धर्मानंद कोसंबी यांचा जन्म १८७६ साली साखवाळ येथे झाला. शाळा जेमतेम झाली आणि घरच्या माडांच्या भाटाची, म्हणजे बागेची, देखरेख अंगावर आली. पाली भाषा, बौद्ध ग्रंथ, सिंहलद्वीप (आजची श्रीलंका) यांतले काहीही त्यांच्या आसपास नव्हते. मुलांसाठी निघणाऱ्या 'बालबोध' या मराठी मासिकात बुद्धाचे चरित्र त्यांच्या वाचनात आले आणि तेथून ते बदलले, असे त्यांनी स्वतःच आत्मकथनात सांगितले आहे. म्हणजे ज्या निर्णयासाठी त्यांनी १८९९ च्या अखेरीस घर सोडले, जो वरवर पाहता अगदी एकट्याचा निर्णय वाटतो, त्याचे बीज कधी न भेटलेल्या एका लेखकाने टाकले होते. पुढेही हाच क्रम राहिला. पुण्यात संस्कृतचे पंडित डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर भेटले, त्यानंतर ग्वाल्हेर, काशी, नेपाळ असे करत ते सिंहलद्वीपाला पोहोचले आणि तेथे १९०२ मध्ये त्यांनी दीक्षा घेतली. वाटेत प्रत्येक टप्प्यावर कोणीतरी जेवू घातले, कोणीतरी शिकवले, कोणीतरी पुढच्या गावाचा पत्ता दिला. 'बालबोध' पुष्कळ घरांत वाचला जात असे. ते चरित्र वाचून बाकीच्यांनी पान उलटले आणि साखवाळचा हा तरुण त्या पानापाशीच राहिला. लोकांनी दिलेले आणि आपले, यांची सीमारेषा काढायचीच असेल तर मी ती येथे काढीन.

याच चरित्रातली एक गोष्ट मात्र नजरेआड करू नये असे मला मनापासून वाटते. कोसंबी गेले तेव्हा पत्नी बाळाबाई आणि तान्ही मुलगी मागे राहिली. एखाद्याच्या जीवनकार्याला दुसरी माणसे प्रेरणा देतात, तशी त्याची किंमतही बऱ्याचदा दुसरीच माणसे भरतात, आणि त्यांना कोणी विचारलेले नसते. तुमच्या आईचे म्हणणे ऐकताना हे ध्यानात ठेवा. मी त्याकडे पुन्हा येईन.

दुसरे उदाहरण गायिका मोगूबाई कुर्डीकरांचे. जन्म १९०४ चा, गाव सांगे तालुक्यातले कुर्डी, जे पुढे साळावलीच्या धरणात गेले. मुलीने गायिका व्हावे ही इच्छा आधी आईची होती. आई लवकर गेली, मुलगी नाटक मंडळीत राहिली, आणि पुढे सांगलीत एकटीच रियाज करत असताना रस्त्याने जाता-येता तिचा आवाज थोर गायक अल्लादिया खाँसाहेबांच्या कानी पडला आणि ते आपण होऊन शिकवायला आले. येथवरची गोष्ट सगळेच आवडीने सांगतात. पण खाँसाहेब मुंबईला गेल्यावर मोगूबाईही तेथे गेल्या, तेव्हा इतरांच्या अटी आणि मत्सर त्यांच्या शिकण्याच्या आड आले. कधी या उस्तादांकडे, कधी त्या उस्तादांकडे शिकत त्यांनी वर्षे काढली आणि खाँसाहेबांच्या शिष्यत्वाचा गंडा बांधायला १९३४ साल उजाडले. आईची इच्छा आणि गुरूचा कान या दोन्ही गोष्टी दुसऱ्यांच्या होत्या आणि दार लावून घेणारेही दुसरेच होते. दार बंद असतानाची ती मधली वर्षे मात्र कोणी त्यांना दिलेली नव्हती. आईने सांगितले म्हणून माणूस गाणे शिकायला बसेल, पण आई नसताना, गुरू नसताना आणि शाबासकी देणारे कोणी नसताना आईच्या सांगण्यावर तो इतकी वर्षे तग धरणार नाही.

मोगूबाईंचे नाव घेतले की आणखी एक सत्य बाजूला ठेवता येत नाही. गोव्याच्या देवस्थानांशी बांधलेल्या कलावंत घराण्यांतल्या मुलींना गाणे निवडण्याचा प्रश्नच नव्हता. ते जन्माने ठरलेले होते आणि त्याबरोबर येणारे लाचारीचे जिणेही ठरलेले होते. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत त्याच समाजातल्या सुधारकांनी याविरुद्ध चळवळ उभी केली आणि पुढे गोमंतक मराठा समाज या संस्थेने मुलामुलींच्या शिक्षणावर भर दिला, तेव्हा कुठे 'मला हे नको' असे म्हणण्याची मोकळीक त्या घरांत आली. म्हणून लोकांनी घडवलेल्या ओढीबद्दल सरसकट कृतज्ञता बाळगावी, असे मी म्हणणार नाही. मी एवढेच विचारीन, की बाहेर पडायचे दार उघडे होते का? तुमच्या बाबतीत ते उघडे आहे. तुमच्या आजोबांनी 'तू हेच कर' म्हटले नाही, यात मला त्यांचा मोठेपणा दिसतो. ज्या माणसाने हयात मातीत घालवली, त्याला नातवाला तसे सांगण्याचा मोह झाला नसेल असे मला वाटत नाही.

आता तुमच्या मनातला खरा सल. 'हात उतरलाय' असे जे म्हणतात त्यांनी काय पाहिलेले असते? पाटावर बसलेली, रंगवून झालेली, डोळ्यांची आखणी झालेली मूर्ती. तुम्ही मळलेली माती त्यांनी पाहिलेली नाही. भेगाळलेली सोंड त्यांनी पाहिलेली नाही. त्यांचे प्रेम खरे आहे आणि ते आनंदाने घ्या, पण त्यावर आयुष्याचा निर्णय बसवू नका. जो माणूस तुमची चूक बोट ठेवून दाखवू शकतो, त्याने तुमचे काम पाहिलेले असते आणि या विषयात त्याच्या शब्दाला वजन द्यावे. तुमच्या घरात असा माणूस आहे. आजोबांना 'मी हे करू का?' असे विचारू नका, कारण मग ते प्रेमाने उत्तर देतील. 'माझ्या कामात काय कमी आहे?' असे विचारा आणि ते सांगतील ते ऐकून तुम्हाला घरी निघून जावेसे वाटते, की तिथल्या तिथे ती मूर्ती पुन्हा ओली करून दुरुस्त करावीशी वाटते, इकडे लक्ष द्या.

तुमचे पत्र मी दोनदा वाचले. त्यात लोकांच्या कौतुकाला एक वाक्य मिळाले आहे आणि सोंडेच्या भेगेला त्याहून जास्त. कौतुकाची सवय लागलेला माणूस भेगेविषयी कोणाला लिहीत नाही, तो ती रंगाखाली झाकतो. मूर्ती न्यायला येणाऱ्याला ती भेग दिसणार नव्हती आणि तिच्यासाठी जागण्यास तुम्हाला कोणी सांगितले नव्हते. लोकांनी लावलेली ओढ एव्हाना तुमची झाली आहे, असे मला या पत्रावरून वाटते.

राहिला आईचा मुद्दा. तो ओढीविषयी नाही, पैशांविषयी आहे, आणि पैशांविषयी तो बरोबर आहे. चित्रशाळा हंगामी आहे, चिकणमातीची मूर्ती वेळ खाते, आणि पावसात मूर्ती वाळल्या नाहीत तर तारीख पुढे ढकलता येत नाही. आईला विरोधक समजून तिच्याशी भांडलात, तर एका खऱ्या प्रश्नाचे उत्तर राहून जाईल. गोव्यात कचेरी, शाळा किंवा दुकान सांभाळून मूर्ती घडवणारी, नाटकाच्या तालमी करणारी, भजनाची पेटी वाजवणारी माणसे गावोगावी आहेत आणि त्यांचे काम त्यामुळे हलके ठरत नाही. बाकीबाब बोरकरांनी शाळेत शिकवले आणि कविताही लिहिली. तेव्हा परीक्षा द्या. त्याबरोबर यंदा एक मोठी मूर्ती माती मळण्यापासून डोळ्यांच्या आखणीपर्यंत एकट्याने करा आणि ती तुमची आहे हे गिऱ्हाईकाला सांगू नका. मूर्ती पाटावरून जाईल, वाहवा आजोबांची होईल, आणि त्या संध्याकाळी तुम्हाला काय वाटते ते तुमचे तुम्हालाच कळेल.

प्रश्न : मी काणकोणात प्राथमिक शाळेत शिकवते. चौथीतल्या एका मुलाची चित्रकला वयाच्या मानाने फार चांगली आहे. त्याचे आईवडील विचारतात, 'बाई, हा पुढे चित्रकार होईल का? त्याला सगळ्या स्पर्धांत घालू का?' शिक्षकाचा शब्द मुलाच्या मनात किती खोल जातो हे मला माहीत आहे, म्हणूनच काय बोलावे हे सुचत नाही.
– एक शिक्षिका, काणकोण

उत्तर : बाई, तुमचे न सुचणे योग्य आहे. नऊ वर्षांच्या मुलाविषयी भविष्य सांगायचे टाळा, अगदी चांगलेसुद्धा. 'तू चित्रकार होणार' हे वाक्य त्याला आज सुख देईल, पण ज्या दिवशी एक चित्र बिघडेल त्या दिवशी त्याचे चित्रच बिघडलेले नसेल, तुम्ही आणि आईबाबांनी दिलेले नावही त्याला खोटे वाटू लागेल.

लोटलीचे व्यंगचित्रकार मारिओ मिरांडा लहानपणी घराच्या भिंतींवर चित्रे काढत असत. त्यांच्या आईने ते पाहून त्यांना एक कोरी वही आणून दिली. या गोष्टीत मला आवडतो तो भाग असा, की आईने निकाल दिला नाही, जागा दिली. भिंती वाचवणे हाही तिचा हेतू असेलच, पण त्या वहीत मुलगा रोजच्या आयुष्यातली माणसे काढू लागला आणि नंतरही कित्येक वर्षे चित्रमय दैनंदिनी ठेवत राहिला. पुढे त्यांनी इतिहासाची पदवी घेतली, घरच्यांच्या इच्छेखातर वास्तुकलेच्या अभ्यासालाही काही काळ हात घातला. एकच घर वही देते आणि तेच घर दुसऱ्या वाटेला जायला सांगते. यात विसंगती आहे, पण बहुतेक प्रेमळ घरे अशीच असतात, आणि वही आधी मिळालेली असली तर दुसरा सल्ला फारसे नुकसान करत नाही, असे माझे मत आहे.

स्पर्धांविषयी एक जुना प्रयोग पालकांना जरूर सांगा. मार्क लेपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ साली अमेरिकेतल्या एका बालवाडीतली, मुळातच चित्रे काढायला आवडणारी मुले निवडली. काहींना 'चित्र काढलेस तर प्रशस्तिपत्र मिळेल' असे आधी सांगून ते दिले, काहींना न सांगता चित्र झाल्यावर दिले आणि काहींना काहीच दिले नाही. एक-दोन आठवड्यांनी मोकळ्या वेळात त्याच रंगलेखण्या समोर ठेवल्या, तेव्हा आधी आमिष दाखवलेल्या मुलांनी इतर मुलांच्या जवळपास निम्माच वेळ चित्रांना दिला. अचानक बक्षीस मिळालेल्यांच्या आवडीला मात्र धक्का लागला नव्हता. बक्षीस वाईट नाही. बक्षिसासाठी चित्र, असा सौदा ठरला की चित्र मागे पडते. आपल्याकडे बालदिनापासून मंडळाच्या वर्धापनदिनापर्यंत स्पर्धा चालतात, आणि प्रत्येक स्पर्धेला 'पर्यावरण वाचवा' या विषयावर तोच पृथ्वीचा गोल काढणारी कुशल मुले मी पाहिली आहेत. त्यांचा हात तयार होतो आणि डोळा झोपतो. वर्षात एखादी स्पर्धा पुरे.

मग शिक्षकाने काय द्यावे? काहीतरी दाखवावे. शास्त्रज्ञ डॉ. रघुनाथ माशेलकर मूळचे माशेलचे. मुंबईच्या युनियन हायस्कूलमध्ये शिकत असताना भावे सरांनी वर्गाला उन्हात नेऊन भिंगाने कागद जाळून दाखवला, ही आठवण ते पुनःपुन्हा सांगत आले आहेत. सरांनी मुलांना जळणारा कागद दाखवला आणि एकाग्रतेविषयी दोन शब्द सांगितले. पुढे कोण कोण होणार, याची यादी त्यांनी केली नाही. तुमच्या मुलाला एखाद्या जुन्या देवळातले लाकडी काम पाहायला न्या, किनाऱ्यावर रापणीचे जाळे ओढताना माणसांची पाठ कशी झुकते ते पाहायला सांगा, एखाद्या मूर्तिकाराकडे तासभर बसवा. चित्र आणून दाखवले की 'छान' म्हणून थांबू नका. 'या माणसाच्या हातावर भार आहे हे तू कसे दाखवलेस?' असे विचारा. असा प्रश्न ऐकला की आपले चित्र कोणीतरी नीट पाहिले हे मुलाला कळते, आणि पुढचे चित्र तो अधिक नीट पाहून काढतो. पालकांना मात्र स्पष्ट सांगा, की कागद आणि रंग कमी पडू देऊ नका आणि पाहुण्यांसमोर त्याला चित्र काढायला बसवू नका.

प्रश्न : मी वाळपईजवळच्या एका सहकारी संस्थेत वीस वर्षे कारकून आहे. लोक 'ध्येय', 'ध्यास' असे म्हणतात तेव्हा मला कानकोंडे वाटते, कारण माझे तसे काहीच नाही. कामाव्यतिरिक्त एवढेच, की गावातल्या बायका सामाजिक सुरक्षा योजनेचे, गृह आधारचे अर्ज भरून घ्यायला माझ्याकडे येतात, कारण एकदा एकीचा नामंजूर झालेला अर्ज मी नीट करून दिला होता. आता रविवारीही येतात. माझे आयुष्य ध्येयाविना गेले का?
– एक वाचक भगिनी, सत्तरी

उत्तर : ताई, तुम्ही 'एवढेच' म्हणून जे लिहिले आहे, तेच तुमच्या प्रश्नाचे उत्तर आहे. काही जणांना ओढ आधी लागते आणि ते माणसे शोधत जातात. काहींकडे माणसे आधी येतात. सांगलीच्या रस्त्यावरून जाणाऱ्या खाँसाहेबांनी मोगूबाईंचा आवाज ओळखला, तसे तुमच्या गावातल्या बायकांनी तुमच्यातला एक गुण तुमच्या आधी ओळखला आहे : कचेरीची भाषा त्यांना समजेल अशी सांगण्याचा, आणि दुसऱ्याच्या कागदाला आपल्या कागदाइतके जपण्याचा. अमेरिकेत १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, एकाच प्रकारचे साहाय्यकाचे काम करणाऱ्या महाविद्यालयीन कर्मचाऱ्यांना आपल्या कामाकडे कसे पाहता असे विचारले होते. काहींना ती पोटापाण्याची नोकरी वाटत होती, काहींना वर चढण्याची पायरी आणि काहींना जीवनकार्य, आणि हे तिन्ही गट साधारण सारखेच निघाले. म्हणजे ध्येय मोठ्या पदालाच चिकटलेले असते, असे दिसत नाही.

मात्र रविवारही गेला, हे मला खटकते. लोकांच्या गरजेतून उभे राहिलेले काम लोकांच्याच गरजेखाली दबून जाते आणि मग करणाऱ्याला ते नकोसे होते. आठवड्यातली एक संध्याकाळ ठरवा आणि ती सगळ्यांना सांगा. कोणता कागद कोणत्या अर्जाला लागतो, उत्पन्नाचा दाखला कुठे मिळतो, अर्ज कोणत्या कारणाने परत येतो, हे वीस वर्षांत डोक्यात साठलेले सारे एका वहीत लिहून काढा. बारावी झालेल्या गावातल्या एक-दोन मुलींना त्या संध्याकाळी शेजारी बसवा. पहिले काही अर्ज त्यांना भरू द्या आणि सही करण्याआधी तुम्ही तपासा.